आम्ही दुश्मन झालो तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीत महार रेजिमेंटमधून पेन्शनवर आलेली घरे बरीच आहेत. १ ऑक्टोबर १९४१ रोजी ही रेजिमेंट बेळगावला उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. १९६५ आणि १९७१ च्या लढायांवर दरवर्षी कोणीतरी बोलतेच. म्हणून आम्ही आज वेगळा विषय घेतला. फौजेतले बहुतेक दिवस लढाईत नाही, सरावात जातात. सरावाला दुश्मन लागतो आणि तो काही सीमेपलीकडून मागवता येत नाही! आपल्यातलेच काही जवान दुश्मन करावे लागतात. ते काम आमच्या वाट्याला बऱ्याचदा आले.

सरावाच्या नकाशावर दोन देश असतात. निळा म्हणजे आपला, लाल म्हणजे दुश्मनाचा. राजस्थानच्या वाळूत, ऐन थंडीत, आम्ही कित्येक दिवस लाल होऊन राहिलो आहोत. दंडावर पट्टी वेगळी. निळे अजून तळावर असायचे, तेव्हाच आम्ही पुढे जाऊन गेंती-बेलच्याने मोर्चे खोदायचो. वाळूत मोर्चा टिकतो कुठला? संध्याकाळी खोदलेला सकाळी निम्मा बुजलेला. मग पोती भरा, पुन्हा खोदा. दिवसा हालचाल बंद. लंगरातले जेवण अंधार पडल्यावर यायचे, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, वाळूसकट. खिशात शकरपारे असत म्हणून निभावले. (दिवाळीत आम्ही शंकरपाळ्यांना हात का लावत नाही, ते घरच्या मंडळींना आता कळले असेल.) पाणी मोजून मिळायचे, पण दाढी दुश्मनालाही चुकली नाही.

हल्ला बहुधा पहाटे. गोळ्या पोकळ असतात, नुसता आवाज आणि धूर. तरी अगदी जवळून उडाली तर भाजते, डोळासुद्धा जाऊ शकतो. आमच्यातल्या एकाच्या हातात आवाजाचा मोठा फटाका फुटला. त्याला अजून शर्टाचे बटण नीट लावता येत नाही. लढाईत जखमी झाला असता तर गावात सत्कार झाला असता; सरावातली जखम कोण विचारतो?

कोण मेला ते अंपायर ठरवणार. तो ‘मेलास’ म्हणाला की हेल्मेट काढून बाजूला बसायचे. मेलेल्यांना चहा लवकर मिळे, म्हणून नवी पोरं पटकन मरायला बघायची! जुने हवालदार त्यांना झापत. टेकडी शेवटी निळ्यांकडे जायची हे पुष्कळदा आधीच ठरलेले असे. पण आम्ही फुकट हरलो, तर निळ्यातला विशीचा पोरगा खऱ्या लढाईतही वाट मोकळी समजून पुढे जाईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अमेरिकेत तर हेच कायमचे काम आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन आहे. तिथे १९९४ पासून अकरावी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट दुश्मनाची भूमिका करते. त्याआधीचे जवान रशियन पद्धतीने लढायला शिकले होते, अमेरिकन रणगाड्यांना रशियन सोंग दिले होते. गोळीऐवजी लेझरचा किरण, तो लागला की अंगावरचे यंत्र वाजते. अंपायरशी हुज्जत कमी! त्यांना तिथली घळ न् घळ माहीत, त्यामुळे सरावाला आलेल्या पलटणी त्यांच्याकडून पुष्कळदा मार खातात.

सराव संपला की आमची पट्टी निघायची. लाल आणि निळे एका लंगरात, एका रांगेत ताट घेऊन उभे. आम्हाला तेव्हा आमच्या आजोबांची आठवण यायची. त्यांना गावाने बांधलेली पट्टी जन्मभर निघाली नाही, आणि त्यांचा सरावही कधी संपला नाही.

मग दोन्ही बाजूंना वाळूच्या नकाशाभोवती बसवत. आमचे सुभेदारसाहेब उठून निळ्यांना सांगत, “काल रात्री तुमच्या तिसऱ्या मोर्चात कोणीतरी विडी ओढत होता. आम्ही सगळ्यांनी पाहिली.” निळ्यांचे कमांडर मान खाली घालून वहीत लिहून घेत.