दोन बँजो आणि एक जुनें गाणें



बँजो म्हटला कीं मुंबईकरांच्या कानांत गणपतीची मिरवणूक घुमूं लागते. परंतु कळा दाबून वाजविण्याचें तें वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. तें जपानी ताइशोगोतोच्या कुळांतलें. आज ज्या बँजोविषयीं मी बोलणार आहें, तो निराळा. वर्तुळाकार कड्यावर डफाप्रमाणें ताणलेला पातळ पडदा, त्याला लांब मान आणि तिच्यावर बहुधा पांच तारा. पांचवी तार आंखूड असून तिची खुंटी मानेच्या मध्यावरच असते. आंगठ्यानें ती छेडीत राहिलें म्हणजे एकच सूर चालीच्या मागें सतत झणत राहतो.

२०१४ सालच्या ऑक्टोबरांत बेला फ्लेक व ॲबिगेल वॉशबर्न या अमेरिकन दांपत्याचा गीतसंग्रह त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध झाला. नॅशव्हिल येथील आपल्या राहत्या घरीं, तान्हें मूल सांभाळीत, त्यांनीं तो ध्वनिमुद्रित केला. लहानमोठे बँजो आणि दोघांचे कंठ, यांखेरीज त्यांत दुसरें कोणतेंही साधन नाहीं. २०१६ मध्यें लोकसंगीताच्या उत्कृष्ट संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळालें.

दोघांचें वाद्य एक असलें तरी हात भिन्न आहेत. वॉशबर्न जुन्या पद्धतीनें नखाचा आघात वरून खालीं करतात. त्यामुळें त्यांच्या वादनांत जात्यासारखी संथ, घोळदार लय येते. फ्लेक आंगठा व दोन बोटें यांनीं तारा छेडतात. १९४५ च्या सुमारास अर्ल स्क्रग्ज यांनीं लोकप्रिय केलेली ही रीत म्हणजे मोत्यांची सरच जणूं! एक हात भुई धरतो, दुसरा तिच्यावर नक्षी काढतो.

येथें कोणी विचारील, यांत परंपरा किती आणि नावीन्य किती? बँजोचा इतिहासच याचें उत्तर देतो. हें वाद्य मूळचें आफ्रिकेचें. गुलाम म्हणून जबरीनें नेलेल्या लोकांनीं त्याची आठवण समुद्रापार नेली आणि परमुलखांत मिळेल त्या भोपळ्याचें व कातड्याचें तें पुनः घडविलें. पुढें गोऱ्यांनीं तोंडाला काळें फांसून त्याच लोकांची टवाळी त्याच वाद्यावर केली. आणि कालांतरानें तें डोंगरी गोऱ्या शेतकऱ्यांचें आवडतें झालें. ज्याला आपण शुद्ध परंपरा म्हणतों, तींत इतक्या हातांचे, आणि इतक्या दुःखांचेही, ठसे असतात.

या संग्रहांत ‘प्रिटी पॉली’ हें जुनें कथागीत आहे. प्रियकर पॉलीला रानांत नेतो; तेथें तिच्यासाठीं खड्डा आधींच खणून ठेवलेला असतो. चाल मोठी गोड, आणि त्या गोडव्यांतच एका निष्पाप मुलीचा खून! वॉशबर्न यांनीं तें गीत टाकलें नाहीं, मवाळही केलें नाहीं. मात्र अशा गीतांना उत्तर म्हणून त्यांनीं ‘शॉटगन ब्लूज’ हें नवें गीत रचलें. त्यांत बंदूक स्त्रीच्या हातीं आहे.

तें ऐकतांना मला माझी एक चूक आठवली. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं मुली हादग्याचीं गाणीं बसवीत होत्या. सासुरवासाच्या एका गाण्याला एका मुलीनें स्वतःचें कडवें जोडलें. त्यांत सून सासूला विनयानें पण ठाम उत्तर देते. मीं तें कडवें काढावयास लाविलें. ‘परंपरेंत ढवळाढवळ नको’ असें सर्वांदेखत बजावलें. तिनें जुनें गाणें निमूटपणें म्हटलें; पुढल्या वर्षीं तिनें गाण्यांत नांवच घातलें नाहीं.

त्या मुलीनें जुन्या गाण्यांतील एक अक्षरही खोडलें नव्हतें. हादग्याचीं गाणीं तरी कोणा एका कवीनें कोठें रचलीं? अशाच अनाम सुनांनीं कडव्याला कडवें जोडीत तीं वाढविलीं. त्या रांगेंत ही मुलगी शेवटची होती, आणि मीं तिला रांगेबाहेर काढलें.

फ्लेक यांचें ‘बेला’ हें नांव हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्यावरून ठेवलेलें आहे. बार्टोक यांनीं लोकगीतांच्या चाली घेऊन मुलांसाठीं पियानोचे लहान लहान तुकडे रचले. त्यांतले कांहीं या संग्रहांत बँजोवर वाजतात. माझ्या कानाला ते जरा अभ्यासपाठासारखे लागले. तरी खेड्यांतली चाल पियानोवर आणि पियानोवरून पुनः बँजोवर आलेली ऐकून मौज वाटते.

माझी ती विद्यार्थिनी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. हें भाषण तिच्या कानीं पडलें, तर यंदाच्या हादग्यांत तिनें तें कडवें मोकळ्या आवाजांत म्हणावें, एवढीच तिच्या जुन्या मास्तरांची विनंती.