हुतुतूचा व्यावसायिक हंगाम



ज्या खेळास आपण लहानपणीं हुतुतू म्हणत असूं, तो १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें जगास दाखविला. २०१४ सालीं प्रो कबड्डी ही त्याची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. खेळाडूंचे लिलाव होऊं लागले. पहिल्या हंगामांत संघ ८ होते आणि पुणेरी पलटण तळाशीं राहिली. दहाव्या हंगामांत संघ १२ होते. त्या वर्षीं पुण्यानें साखळींतील २२ सामन्यांपैकीं १७ जिंकले, केवळ २ गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणास २८–२५ असें नमवून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. कर्णधार होता नगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार.

लिलावांत खेळाडू मिळतो. दम मिळत नाहीं. तो बालवयांतच मैदानावर कमवावा लागतो. व्यावसायिक सामने मॅटवर होतात. आमच्या वाशीमकडील मुलांचा पहिला डाव मात्र मातींतच रंगतो. शाळेचें मैदान इमारतींनीं गिळलें, तर त्यांनीं हा खेळ केवळ पडद्यावरच पाहावयाचा काय? पालकांनीं आणि शाळाचालकांनीं तेवढी मोकळी जागा राखावी, इतकीच माझी विनंती आहे.