ओतकामाच्या गावात आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, दक्षिण महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांतून आलेले शिल्पकार-प्राध्यापक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि कोल्हापूरच्या रसिकहो,

मी फौंड्रीवाला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे पंपांची कास्टिंग होतात. शिल्पप्रदर्शनाचं स्वागताध्यक्षपद माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी इथल्या एका महाविद्यालयातले शिल्पकलेचे सर कारखान्यात आले आणि रिजेक्शनचा ढीग कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली, की तापलेल्या बिडानं तिची वाफ होते. ती वाफ बाहेर पडली नाही, तर कास्टिंग आतून फुगा धरतं. आम्ही त्याला ब्लोहोल म्हणतो. असा माल गिऱ्हाईक परत पाठवतं आणि आम्ही तो फोडून पुन्हा भट्टीत टाकतो. सरांनी त्या ढिगातून पंपाची एक बॉडी ओढून काढली, भोकात बोट घातलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हे मला हातानं कोरून जमणार नाही."

पुढं सहा महिने ते दर रविवारी डबा घेऊन यायचे. आमच्या जुन्या मोल्डरनं तीस वर्षं वाळू दाबली आहे. सुरुवातीला तो लांबूनच बघायचा. एका रविवारी तो आपणहून जवळ आला आणि ओल कुठं किती ठेवली की फुगा कुठं धरेल, हे सरांना सांगायला लागला. जो दोष टाळण्यात त्याची उमर गेली, तोच मुद्दाम आणायला त्यानं हात लावला. ते काम आत दाराच्या डाव्या बाजूला ठेवलं आहे. कमरेएवढं, बिडाचं, गंज तसाच राखलेलं. वाकून बघा. बाहेरून वाळूचे कण हाताला खरखर लागतात आणि भोकांच्या आतल्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत आहेत.

तेव्हापासून मी या शिल्पकार-शिक्षक मंडळींची कामं बघत आलो आहे. सकाळी तास, दुपारी प्रवेश आणि परीक्षा, संध्याकाळी अहवाल. त्यातून उरलेल्या वेळात शिल्प करायचं. चित्रकाराला कॅनव्हास गुंडाळून एसटीनं नेता येतो. शिल्पकाराला टेम्पो लागतो, चार हमाल लागतात, आणि वाटेत कान-नाक शाबूत राहील याची काळजी वेगळीच. ब्राँझचा खर्च पगारातून झेपत नाही, म्हणून कितीतरी चांगली कामं फायबरमध्येच थांबतात. तरीही हे लोक करत राहतात, याचं मोल मला फार वाटतं. अभ्यासक्रमात विषयाचं नाव 'शिल्पकला व प्रतिमानबंध' असं भारदस्त आहे. पण ज्या वर्गाच्या कोपऱ्यात सरांचं किंवा मॅडमचं स्वतःचं अर्धं काम ओल्या फडक्यात गुंडाळून उभं असतं, तिथली मुलं तासाशिवायही शिकतात. आठवडाभर लिंपलेली शाडू मॅडमनी एका सकाळी खरवडून काढली आणि आर्मेचरची तार पुन्हा वाकवली, हे ज्या मुलानं बघितलं, त्याला आपलं काम मोडायची भीती राहत नाही.

हे गाव मातीकामाला नवं नाही. इथल्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला, हे आपण अभिमानानं सांगतो. शिल्पातही त्यांचा हात तितकाच तयार होता. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेल्या महाराणी ताराबाईंचा घोडा मागच्या पायांवर उसळलेला आहे. एवढं वजन त्या पायांवर कसं पेललं असेल, या विचारानं तिथून जाताना माझी मान आजही वर होते. गंगावेशीत आणि बापट कॅम्पमध्ये कुंभारांच्या घरी गणपती घडताना बघत आपली पोरं मोठी होतात.

तरी एक गोष्ट मोकळेपणानं बोलतो. आपल्याला पुतळा कळतो, शिल्पापाशी मात्र आपण थबकतो. आज आत गेल्यावर कुणीतरी विचारेल, "हे कुणाचं आहे?" त्या प्रश्नाला हसू नका. पुतळ्यांच्या गावात तो खराच प्रश्न आहे. विचारणाऱ्याला मी खिद्रापूरची आठवण करून देईन. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल मोकळं आहे, त्याच्या बरोबर खाली गोल शिळा. तिथं उभं राहून वर आभाळाचा तुकडा बघताना, हे कुणाचं, असं आपण विचारत नाही. मोकळ्या जागेलाही आकार असतो, हे आपल्या पाथरवटांना बाराव्या शतकात माहीत होतं. आमचे सर रिजेक्शनच्या ढिगात तेच शोधत होते, असं मला वाटतं.

म्हणून शहराकडे माझं मागणं आहे. चौक भरले असतील, पण बागा आहेत, रंकाळ्याचा काठ आहे, कारखान्यांची आवारं आहेत. हे प्रदर्शन उठल्यावर ही कामं परत महाविद्यालयांच्या जिन्याखाली जाऊ नयेत. आम्ही काही फौंड्रीवाल्यांनी आपापल्या परीनं ठरवलं आहे. महिन्यातला एक रविवार भट्टी शिल्पकार-शिक्षकांसाठी. मजुरी घेणार नाही, धातूचं काय ते बसून ठरवू. आणि आमच्या फाटकाजवळची जागा आजच मोकळी केली आहे, पहिलं शिल्प तिथं बसेल.

दालनात जिथं हिरवी चिठ्ठी आहे, त्या कामांना हात लावायला शिल्पकारांची परवानगी आहे. लहान मुलांना जरूर लावू द्या. उद्या सकाळी सात वाजता आमच्याकडे ओतकाम आहे. साताऱ्याहून आलेल्या मॅडमचा साचा आज रात्री सुकतो आहे. ज्यांना यायचं त्यांनी चपला घालून येऊ नये, बूट घालावेत आणि अंगावर सुती कपडेच असावेत. बीड तेराशे अंशांच्या वर असतं. मोल्डर सांगेल त्या रेषेच्या अलीकडे उभं राहायचं. चहा-पोह्यांची सोय केली आहे. या.