एक मॉनिटर आणि दोन कामें



मुंबईस नोकरी आणि पनवेलीस बिऱ्हाड, अशा रीतीनें राहणारीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. हार्बर मार्गानें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापर्यंत जावयाचें म्हणजे एका खेपेस सव्वा तासाहून अधिक वेळ मोडतो. २०२० सालच्या साथीनंतर कित्येक कचेऱ्यांनीं आठवड्यांतील कांहीं दिवस घरूनच काम करण्याची मुभा दिली आणि कचेरीचें टेबल घरांत आलें. दिवसा त्या टेबलाशीं आई हिशेबाचीं पत्रकें भरते. सायंकाळीं मुलगा तेथेंच संगणकावरील खेळ मांडून बसतो. जागा थोडी, पैसा बेताचा. तेव्हां मॉनिटर एकच घ्यावयाचा. मग तो कचेरीसाठीं घ्यावा कीं खेळासाठीं?

काम व करमणूक या दोहोंकरितां पडदा वापरण्याची चाल जुनीच आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें ऑसिलोस्कोपच्या लहानशा कांचेवर टेनिसचा खेळ उभा केला. इकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक चालूं झाला. त्यालाही आलेख व अक्षरें दाखविणारा पडदा जोडलेला होता. फरक एवढाच कीं, त्या काळीं पडदा निवडण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें होता, आज तो गृहस्थापुढें आहे.

लॅमिंग्टन रोडवर जा किंवा पनवेलच्या बाजारांत जा, दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती हर्ट्झचा देऊं?" हर्ट्झ म्हणजे एका सेकंदांत पडद्यावरील चित्र कितीदां नवें होतें तो आंकडा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र सुमारें १७ मिलिसेकंद टिकतें, १४४ हर्ट्झवर सुमारें ७, आणि २४० हर्ट्झवर सुमारें ४. आतां वजाबाकी करून पाहावी. ६० वरून १४४ वर जातांना १० मिलिसेकंद वांचतात; पण १४४ वरून २४० वर जातांना अवघे ३ वांचतात. पहिली पायरी सामान्य डोळ्यांसही जाणवते. दुसरीसाठीं द्रव्य अधिक पडतें आणि लाभ थोडा होतो. 'व्हॅलोरंट'सारख्या नेमबाजीच्या खेळांत क्षणाचें मोल असतें, हें मुलाचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु संगणकच सेकंदाला ५० चित्रें काढीत असेल, तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर त्यांत एकाचीही भर घालूं शकत नाहीं. म्हणून मॉनिटर घेण्यापूर्वीं आपल्या संगणकाची ताकद पाहावी.

खोक्यावर 'एक मिलिसेकंद' असा दुसराही एक आंकडा ठळक छापलेला असतो. ठिपक्याला रंग बदलण्यास लागणारा तो वेळ होय. पुष्कळदां तो सर्वांत उतावीळ योजनेवर मोजलेला असतो, आणि त्या योजनेवर हलत्या आकृतीमागें फिकट कडा उमटतात. एवढ्या एका आंकड्यावर भाळूं नये.

कचेरीच्या कामास मात्र निराळेंच माप लावावें लागतें. तेथें चित्र धांवत नाहीं, अक्षर स्थिर असतें. आणि तें अक्षर स्पष्ट दिसणें हेंच मुख्य. एका इंचांत किती ठिपके मावतात यावर स्पष्टता अवलंबून असते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या २४ इंची मॉनिटरवर इंचास सुमारें ९२ ठिपके येतात. तितकेच ठिपके २७ इंचांवर पसरले कीं ते सुमारें ८२ वर उतरतात. म्हणजे मॉनिटर मोठा आणि अक्षर भरड. २७ इंचांवर २५६० बाय १४४० ठिपके असतील तर इंचास सुमारें १०९ पडतात. मराठीत काम करणारांस हा भेद विशेष जाणवतो. अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, 'क्ष्म'सारखें जोडाक्षर हीं सर्व बारीक खुणांवर उभीं असतात. ठिपके विरळ झाले कीं 'कुल' आणि 'कूल' यांतला फरक ओळखण्यासाठीं मान पुढें जाते, आणि मान व पाठ दुखूं लागते.

पडद्याच्या जातीही पाहाव्या. टी. एन. जात स्वस्त व चपळ, पण बाजूनें पाहतां रंग उडालेले दिसतात. व्ही. ए. जातीचा काळा रंग गडद असतो, परंतु अंधाऱ्या दृश्यांत हलणारी आकृति फरफटल्यासारखी दिसते. ओलेड जात वेगांत व रंगांत श्रेष्ठ. मात्र पत्रकाच्या त्याच त्या रेघा रोज आठ तास ठेवल्यास त्यांचा डाग कायमचा उमटण्याचा धोका राहतो. आय. पी. एस. जातीचा काळा रंग किंचित् करडा असला, तरी कोणत्याही बाजूनें रंग स्थिर आणि अक्षर स्वच्छ. दोन्ही कामांस हीच मध्यम जात योग्य. २४ इंचांत १०८०, किंवा ऐपत असल्यास २७ इंचांत १४४० ठिपके, आय. पी. एस. आणि १०० ते १४४ हर्ट्झ, एवढ्यांत आई व मुलगा दोघांचेंही काम भागतें. वाढीव हर्ट्झ आईलाही अगदींच वायां जात नाहीं. लांबलचक पत्रक वरखालीं सरकवितांना तें डोळ्यांस सौम्य वाटतें.

खरेदींत एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे मॉनिटरची बैठक. ती उंच-सखल करतां येणारी असावी. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं, आणि अंतर हातभर. खिडकी पाठीशीं किंवा समोर नको, बाजूस असावी. दर २० मिनिटांनीं २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावें, असा नेत्रवैद्यांचा सल्ला आहे. तो मॉनिटर कितीही उंची असला तरी सुटत नाहीं. तसेंच, मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणूनही संगणकाची योजना पुष्कळदां ६० वरच राहते. ती सेटिंगमध्यें जाऊन बदलावी लागते, आणि तारही तेवढा भार पेलणारी असावी लागते. हें न केल्यामुळें मोजलेले पैसे खोक्यांतच राहतात.

आतां वादाचा निकाल. बहुतेक घरांत मॉनिटरची निवड मुलावर सोंपविली जाते, कारण हर्ट्झचे आंकडे त्याला तोंडपाठ असतात. आई म्हणते, "मला काय, कोणताही चालेल." परंतु मुलगा त्यापुढें दोन तास बसतो आणि आई आठ तास. तासांचा हा हिशेब मांडला, तर बैठक, स्पष्ट अक्षर व शांत प्रकाश या गोष्टी प्रथम येतात; त्या मिळाल्यावर शिल्लक राहील त्यांतून वेग घ्यावा. म्हणून दुकानांत जातांना मुलानें आईला बरोबर न्यावें, मॉनिटरवर तिच्या कामाचें एखादें मराठी पत्रक उघडून दाखवावें, आणि ती हातभर अंतरावरून, मान पुढें न काढतां, तें वाचूं शकते कीं नाहीं हें आधीं पाहावें. तें जमलें, कीं मग खेळाचे आंकडे खुशाल विचारावे.