कसब गावात राहिले पाहिजे
(ग्रामीण विद्युत व्यावसायिकांपुढील भाषणाचा मजकूर)



शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. कसारा मार्गावरील लोकल गाड्यांनी रोज सकाळी येथील तरुण ठाणे-मुंबईकडे जातात. या भूमीतून बाहेर जाणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. मग येथे राहते काय? राहण्याजोगी एक गोष्ट निश्चित आहे, ती म्हणजे हातातले कसब. म्हणूनच शहापूर-मुरबाडमधील विद्युत ठेकेदाराचा प्रश्न हा केवळ त्याच्या नफ्या-तोट्याचा प्रश्न नाही.

या व्यवसायाने मोठी स्थित्यंतरे पाहिली आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे, २००३च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५मध्ये निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले. विद्युतीकरणाची मोठमोठी कामे एकत्रित निविदांतून निघू लागली आणि गावचा ठेकेदार पुष्कळदा उपठेकेदार झाला. २०१५पासून एलईडी दिवे घरोघर पोहोचले. २०१७च्या सौभाग्य योजनेने उरलेल्या घरांना जोडण्या दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्यात घरगुती छतावरील एक किलोवॅटच्या संचाला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला कमाल ७८ हजार रुपये अनुदान ठरले. मात्र काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घेण्याची अट आहे. येथल्या ठेकेदाराने ती नोंदणी केली नाही, तर येथल्याच छपरावरचे काम बाहेरचा माणूस करील आणि येथला कारागीर शिडी धरून उभा राहील.

कामे कमी नाहीत. मुरबाडची औद्योगिक वसाहत आहे, आसनगाव-आटगाव पट्ट्यातील कारखाने आहेत, शेतघरे आहेत, भातगिरण्या आहेत. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने या भागाची दळणवळणाची बाजूही बळकट झाली. मग हा व्यवसाय अडतो कुठे? बहुधा तो हिशेबात अडतो.

समजा, पाच लाखांचे काम घेतले. साडेतीन लाखांचा माल आला, ९० हजार मजुरी गेली. कागदावर ६० हजार उरले. परंतु देयक सहा महिने रखडले आणि गुंतलेले चार लाख चाळीस हजार दरमहा दीड टक्क्याने उचललेले असले, तर व्याजच ३९ हजार ६०० रुपये होते. हाती राहिले २० हजार ४००. त्यातच मध्यंतरी तांब्याचा भाव चढला तर तेही गेले. म्हणून दरपत्रकावर मुदत लिहिणे, मालासाठी आगाऊ रक्कम घेणे, टप्प्याटप्प्याने मोजमाप करून त्याच दिवशी सही घेणे यात संकोच नसावा. ओळखीपोटी तोंडी व्यवहार केला की बहुधा कामाचे पैसेही जातात आणि ओळखही.

दुसरी गळती रस्त्यावर होते. डोळखांब किंवा टोकावडे भागातल्या कामावर गेल्यावर एक एमसीबी विसरल्याचे लक्षात आले, तर दोन माणसांचा अर्धा दिवस गेला. निघण्यापूर्वी यादीवर खुणा करण्यास पाच मिनिटे पुरतात. तसेच ऋतूचे भान हवे. दिवाळीनंतर बांधकामे वेग घेतात, भाताच्या लावणीत माणसे मिळत नाहीत, पावसाळा हा बिघाडांचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत भूसंपर्कन तपासून ठेवले, तर जूनच्या पहिल्या विजांच्या कडकडाटात धावपळ होत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची खडकाळ जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. पावसाळ्यात घेतलेले माप मे महिन्यात खरे ठरेलच असे नाही.

परंतु सर्वांत मोठा हिशेब माणसाच्या जिवाचा आहे. एखाद्या घरी जनित्र बसवले आणि चेंजओव्हर स्विच बसवला नाही, तर वाहिनी बंद असतानाही त्या जनित्राची वीज उलट रोहित्रापर्यंत जाते. रोहित्र तिचा दाब वाढवते आणि दूर कुठेतरी, वीज बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या तारतंत्र्याच्या हातात तो उच्चदाब येतो. जाळ्याला जोडलेल्या सौरसंचाचा इन्व्हर्टर वीज जाताच बंद होतो हे खरे. पण ऊन असेपर्यंत पॅनेलपासून येणाऱ्या तारा जिवंतच असतात. ज्याने थोडे पैसे वाचवण्यासाठी गाळणी प्रवाहावर तुटणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच गाळला, त्याने बचत केली नाही. त्याने धोका दुसऱ्याच्या घरात ठेवला. प्रत्येक कामानंतर मेगरने तारांच्या विद्युतरोधक आवरणाचा रोध मोजावा, भूसंपर्कनाचे माप घ्यावे आणि दोन्ही आकडे लिहून ग्राहकाला द्यावेत. पुढचे काम मिळवून देणारी याहून चांगली जाहिरात नाही.

परवान्याचेही तसेच आहे. दुसऱ्याचा परवाना भाड्याने घेऊन काम करणारा सही मिळवतो, जबाबदारी नव्हे. आयटीआयमधील वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रमाची दोन वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला केवळ भिंती फोडायला लावले, तर तो पहिल्या संधीला कारखान्याची वाट धरतो. त्याच्या हाती मोजमापाचे यंत्र द्यावे, सौरसंचाचे प्रशिक्षण द्यावे, परवान्याच्या परीक्षेला बसवावे. हातमोजे, सुरक्षापट्टा, विमा आणि वेळेवर पगार ही कृपा नाही, ते त्याचे देणे आहे. मोठे काम एकट्याला पेलत नसेल, तर चार ठेकेदारांनी एकत्र यावे. एकाकडे यंत्रे असतात, दुसऱ्याकडे भांडवल, तिसऱ्याकडे कुशल माणसे. एकमेकांचे दर पाडून चौघेही बुडतात, हा अनुभव नवा नाही.

या दोन तालुक्यांत पुढील काळात वीज अनेक छपरांवरच तयार होईल. ती जोडणारे हात येथलेच असावेत, ते हात प्रशिक्षित असावेत आणि संध्याकाळी ते सुखरूप घरी परतावेत. एवढे साधले, तर सकाळच्या लोकलमधील काही तरुणांना गावातच मानाचे काम मिळेल. त्याची सुरुवात उद्याच्या कामाच्या यादीपासून आणि आजच्या कामाच्या चाचणीनोंदीपासून करता येईल.