अक्षर कोणासाठी?

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत अक्षरवळणांचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. जमीन, पाणी, मासेमारी, बेकारी हे प्रश्न समोर उभे असताना अक्षर जाड असावे की बारीक याची चर्चा करणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्यावर रागावणार नाही. परंतु छापील अक्षर हे लोकशाहीचे साधन आहे, आणि साधनाची पारख नसलेला कार्यकर्ता अर्धेच काम करतो. पत्रकात काय लिहावे यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. ते कोणाच्या डोळ्यांना, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात दिसणार याचा विचार मात्र छापखान्यावर सोपवून मोकळे होतो.

या जिल्ह्यात तरी हा विषय परका वाटू नये. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात असले तरी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. लोकमान्य टिळकांचा जन्म याच शहरातला. १८८१ साली 'केसरी' सुरू झाला, आणि पुढे छापखान्याचा व्याप सांभाळताना देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यासाठी टिळकांनी स्वतः खटपट केली. एवढ्या मोठ्या नेत्याने खिळ्यांत का लक्ष घालावे? देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि शेकडो जोडाक्षरे. इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा मराठी जुळाऱ्यापुढे कितीतरी अधिक खण असत. त्यामुळे जुळणी महाग पडे आणि सावकाश होई. अक्षर महाग झाले की वृत्तपत्र महाग होते, आणि महाग वृत्तपत्र गरिबाच्या घरी जात नाही.

१९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीही लिपिशुद्धीचा आग्रह धरला. इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र अक्षरांऐवजी 'अ'लाच वेलांटी-उकार लावावेत, ही त्यातली प्रमुख सूचना. त्यांच्या राजकारणाशी आपले मतभेद मूलभूत आहेत. पण काकासाहेब कालेलकरांसारख्या गांधीवाद्यानेही अशीच कल्पना उचलून धरली होती, हे ध्यानात घ्यावे. समाजाने ती स्वीकारली नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे वळण पडले आहे ते यंत्राच्या सोयीसाठी सहजी मोडत नाही, हा त्यातला धडा होय.

हे वळण पाडले कोणी? मुख्यतः बोरूने, आणि नंतर खिळे पाडणाऱ्या कारागिरांनी. तिरक्या कापलेल्या बोरूतून रेघ कोठे जाड, कोठे बारीक उतरते. देवनागरीचे सौष्ठव त्या चढउतारात आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपांना राणोजी रावजी आरू यांच्या हाताने जे रूप दिले, ते पुढे कित्येक पिढ्यांना 'छापील अक्षर' म्हणून परिचित झाले. आपल्या आजोबांनी पोथी वाचली ती या परंपरेतल्या अक्षरांत.

आज संगणकावर शेकडो फॉन्ट मिळतात आणि कार्यकर्ता गोंधळून जातो. कामचलाऊ वर्गवारी करायची तर तीन कुळे ध्यानात ठेवावीत. पहिले पुस्तकी वळणाचे अक्षर, बोरूचा चढउतार राखणारे. लांब मजकूर, लेख, पुस्तिका यांसाठी ते उत्तम; पान भरून वाचले तरी डोळा शिणत नाही. दुसरे एकसारख्या जाडीचे, साधे अक्षर. पाटी, अर्ज, तक्ता, भ्रमणध्वनीचा पडदा ही त्याची जागा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' हा या कुळातला फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतो. तिसरे शोभेचे किंवा शीर्षकाचे अक्षर. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे ज्या अक्षरांत रेखाटली ती आठवा. पडदा उघडण्यापूर्वीच ते अक्षर नाटकाचा स्वभाव सांगून जाई. २०२० साली ते गेले. पण त्यांच्या अक्षरांची ताकद दोन-चार शब्दांतली आहे. त्या धर्तीच्या अक्षरांत परिच्छेदच्या परिच्छेद छापले, तर वाचक दुसऱ्या ओळीला पत्रक खाली ठेवील.

रोमन लिपीतही अशी कामाची वाटणी आहे. 'टाइम्स न्यू रोमन' हे अक्षर १९३२ साली लंडनच्या एका दैनिकासाठी आले, कारण अरुंद स्तंभात अधिक मजकूर सुवाच्यपणे बसवायचा होता. 'हेल्वेटिका' १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये घडले आणि पाट्या व फलकांवर जगभर पसरले. मात्र त्यांची वर्गवारी जशीच्या तशी देवनागरीवर लादू नये. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, वर मात्रा आणि खाली उकार आहे, त्याचे प्रश्न निराळे आहेत.

आता आपल्या व्यवहाराकडे येतो. जांभ्याची भिंत खडबडीत असते. तिच्यावर बारीक रेघ हरवते. तेथे जाड, मोकळ्या पोटाचे अक्षर हवे, आणि मात्रेला शिरोरेषेच्या वर पुरेशी जागा हवी. नाहीतर पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर 'मोर्चा'चा 'मार्चा' होतो. फलकावर मजकूर बसत नाही म्हणून संगणकावर अक्षर ताणणे किंवा दाबणे हा सर्वांत वाईट उपाय. अक्षर दाबू नये, शब्द कमी करावेत. 'मंगल' हा र. कृ. जोशी यांचा फॉन्ट मुळात संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेला. पडद्यावर त्याने फार मोठे काम केले, म्हणून छापील पुस्तिकेसाठीही तोच योग्य असे होत नाही. आणखी एक गोष्ट: अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीचे वळण निश्चित केले आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी पत्रकात आपले अक्षर ओळखीचे वाटावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

येथवरचा भाग आपल्या घरातला झाला. खरा प्रश्न याच्या पलीकडे आहे.

जैतापूर आणि बारसू ही नावे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे भूसंपादनाची नोटीस म्हणजे काय हे मी सांगायला नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या भागातील दोन दैनिकांत (त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले) आणि ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी लागते. त्यानंतर हरकत घेण्यास कलम १५ साठ दिवस देते. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण घरातला मुलगा मुंबईला, घरी साठी उलटलेली आई, आणि दैनिकाच्या आतल्या पानावर मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत सर्व्हे नंबरांची रांग! त्या माउलीचे साठ दिवस केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे तिला कळावे कसे? कायद्याने तिला वाचण्याचा हक्क दिला, आणि अक्षराने तो परत घेतला.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापताना अंक किमान किती मिलिमीटर उंचीचे असावेत, हे वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, हे २०१६ पासून बंधनकारक झाले. म्हणजे अक्षराचा आकार हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे सरकारला मान्य आहे. पुडा विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या डोळ्यांची काळजी घेणारे राज्य जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांची काळजी का घेत नाही? कलम ११ मध्ये अक्षराच्या आकाराविषयी एक शब्दही नाही.

म्हणून माझी सूचना अशी. ज्या जाहीर नोटिशीतून कोणाचे घर, जमीन वा रोजगार जाऊ शकतो, तिच्यातील अक्षराची किमान उंची नियमाने ठरवावी, ते साध्या वळणाचे असावे, आणि हरकतीची अखेरची तारीख वेगळ्या चौकटीत ठळक टाइपात छापावी, अशी मागणी आपण प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावातून करावी. या मागणीला खर्च थोडा आहे. दैनिकातली थोडी अधिक जागा, एवढाच. आणि ती मान्य होईपर्यंत नोटीस निघाल्याबरोबर तिची मोठ्या अक्षरांतली प्रत करून वाडीवाडीत लावण्याचे काम शाखांनी अंगावर घ्यावे.

मात्र ही मागणी करण्यापूर्वी आपली पत्रके स्वच्छ हवीत. स्वतःचा जाहीरनामा बारीक टाइपात कोंबणाऱ्या कार्यकर्त्याला सरकारच्या बारीक टाइपावर बोट ठेवता येणार नाही. पुढचे पत्रक छापायला देण्यापूर्वी त्याचा कच्चा खर्डा वाडीतल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्या, आणि संध्याकाळच्या उजेडात त्याला तो चष्म्याशिवाय वाचायला सांगा. तो अडखळला, तर चूक त्याच्या डोळ्यांची नव्हे, आपल्या अक्षराची आहे असे समजा.