न्यायाचा पैलतीर

तेरेखोलचा किल्ला गोव्याचा. पण तो उभा आहे नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या भूमीला लागून. तेथील रहिवाशास आपल्या तालुक्याच्या गावी, पेडण्यास, जावयाचे तर फेरीबोटीने केरीस उतरून पुढचा रस्ता धरावा लागतो. एवढे करून जो मामलेदार कचेरीच्या दारी पोहोचतो, त्याला तेथे दुसरी नदी आडवी येते. ती कायद्याच्या भाषेची होय.

मुंडकाराचेच उदाहरण घ्यावे. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या ह्या माणसास १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकले जाण्यापासून संरक्षण दिले. घर व त्यालगतची ठराविक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. परंतु हक्क आपोआप पदरात पडत नाही. अर्ज, पुरावा, साक्षी, उलटतपासणी हे सारे सोपस्कार आलेच. ‘आजोबापासून आम्ही येथेच आहोत’ हे त्याचे बोलणे खरे असेल. पण खरे असणे आणि सिद्ध होणे ह्यांत अंतर आहे. समोरच्या पक्षाने वकील दिलेला असला व हा एकटाच उभा असला, म्हणजे ते अंतर अधिकच रुंदावते.

हे अंतर मिटविण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे, असे १९७६ साली घटनेत घातलेले ३९-अ हे कलम सांगते. त्याला अनुसरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील माणसे ह्यांना त्याखाली उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांना ठराविक उत्पन्नमर्यादेत मिळतो. फौजदारी खटल्यांप्रमाणेच दिवाणी व महसुली न्यायालयेही ह्या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे मामलेदारापुढील मुंडकारासही हे दार उघडे आहे.

मग दार ठोठावणारे थोडे का? आपल्याला हा अधिकार आहे, हेच पुष्कळांच्या गावी नसते. १९८६ साली सुकदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्याच प्रश्नाला हात घातला. अरुणाचलातील त्या आरोपीने वकील मागितला नव्हता आणि तो मागता येतो, असे त्यास कोणी सांगितलेही नव्हते. त्याच्याविरुद्धचा खटला वकिलाविना चालला होता. न्यायमूर्ती भगवती ह्यांच्या पीठाने त्याची शिक्षा रद्द केली. ज्याला हक्क ठाऊकच नाही, तो मागणार तरी कसा, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

तेव्हा मोफत वकिलाचे काम वकीलपत्रावर सही घेण्यापासून सुरू होत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, अशिलाच्या ओटीवर सुरू होते. कोणती पावती जपावी, कोणत्या कागदावर अंगठा उठवू नये, कोणती तारीख चुकवू नये, हे वेळीच सांगणारा माणूस निम्मा दावा तेथेच सावरतो. त्याबरोबर आणखी एक पथ्य त्याने पाळावयास हवे. फी अशिलाकडून येत नाही, म्हणून त्या प्रकरणाची तयारी कमी पडता कामा नये. ‘फुकटचा वकील तो हलका’ हा लोकांचा समज भाषणांनी जाणार नाही. चोख तयारीनेच जाईल.

नदीपलीकडच्या माणसाने न्यायासाठी फेरीबोट धरावी, हे ठीकच. पण कधीतरी तीच बोट धरून वकिलानेही तेरेखोलच्या धक्क्यावर उतरावे. कायद्याला अभिप्रेत असलेली समता त्याच पावलांनी गावात येईल.